सीडी निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी

प्रति,
राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये, संगीत मंडळे आणि महाविद्यालयांचे संगीत विभाग यांचे अध्यक्ष, कार्यवाह व ग्रंथपाल यांस

विषय : सीडींचे निर्लेखन (नोंदवहीतून कमी करून निकालात काढणे) थांबवून आधी त्यांच्या नकला करून घेण्याबाबत

स.न.वि.वि.

सीडी प्लेअर बंद पडलेला, दुरुस्त करणारा मिळत नाही, नव्या संगणकाला ड्राइव्ह नाही, सभासद सीडी मागत नाहीत आणि एक अख्खे कपाट मात्र अडून बसले आहे. अशा वेळी कार्यकारिणीच्या सभेत ‘सीडी निर्लेखित कराव्यात’ हा विषय येतोच. त्यावर सहसा एकच प्रश्न विचारला जातो, ‘हे सगळे आता मोबाइलवर मिळते ना?’ बरेच मिळते, हे खरे आहे. पण तुमच्या कपाटात दोन अगदी वेगळ्या जातींच्या सीडी एकाच रांगेत उभ्या आहेत, आणि निर्लेखनाच्या यादीत त्या ‘सीडी, नग अमुक’ अशा एकाच ओळीत जातात. आमची हरकत त्या एका ओळीला आहे.

पहिली जात कारखान्यात छापलेली. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकच्या 1.2 मिलिमीटर जाडीच्या चकतीत साच्याने खाचा उमटवलेल्या असतात, वर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर लॅकर आणि छपाई. दुसरी जात तुमच्याच मंडळाने संगणकावर किंवा सीडी रेकॉर्डरवर राइट केलेली. वार्षिक उत्सव, गुरुपौर्णिमा, पुण्यतिथीची मैफल, पाहुण्या कलावंताचे सप्रयोग व्याख्यान. हिच्यात खाचा नसतातच. सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात आणि तो रंग उजेड, उष्णता व दमट हवेने उडतो. पहिल्या जातीची सीडी नीट ठेवली तर अजूनही ठणठणीत वाजते. दुसरी आज वाजली म्हणून पुढच्या पावसाळ्यानंतर वाजेलच असे नाही. त्यातही पहिल्या जातीच्या हजारो प्रती निघाल्या, दुसरीची बहुधा एकच आहे आणि ती तुमच्याकडे आहे.

म्हणून कामाचा क्रम उलटा लावा. आकर्षक वेष्टनातल्या, नामवंत कंपन्यांच्या सीडी आधी हाताळल्या जातात, कारण त्या दिसायला मोलाच्या वाटतात. आधी काढायच्या त्या मार्करने नाव लिहिलेल्या, कागदी पाकिटातल्या, वेष्टन हरवलेल्या.

धंद्याची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण घाई कशासाठी ते त्यावरून कळेल. पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये ऑक्टोबर 1982 मध्ये विकायला आला. अमेरिकेत 2000 साली सुमारे 94 कोटी सीडी गेल्या. तो कळस होता. 2022 मध्ये तिथे नगांच्या हिशेबात जुन्या पद्धतीच्या एलपी सीडीच्या पुढे गेल्या. आपल्याकडे सीडीला कॅसेटसारखे राज्य कधी मिळालेच नाही. कॅसेट रेंगाळली, मग एकाच चकतीत दीडशे गाणी देणारी एमपीथ्री सीडी आली आणि तिच्या मागोमाग मेमरी कार्ड. मुंबईत काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ 2016 मध्ये बंद झाले. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये रेकॉर्ड करण्याजोग्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. चकती वाचणारी यंत्रे ज्या बाजारावर जगत होती तो बाजारच आटतो आहे. सीडी टिकली तरी ती वाचायला चांगला ड्राइव्ह मिळेल की नाही, ही खरी अडचण आहे.

ड्राइव्हपासूनच सुरुवात करू. दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरा बिनतक्रार वाचतो असे वारंवार घडते, कारण प्रत्येकाची लेन्स, लेसरची ताकद आणि दुरुस्तीची रीत निराळी असते. यूएसबीवर चालणारे पातळ ड्राइव्ह सोयीचे खरे, पण त्यांना वीज पोर्टमधून मिळते आणि खराब सीडीवर धडपडताना ती कमी पडते. ते वापरायचेच तर थेट संगणकाच्या पोर्टला जोडा, मध्ये हब नको. शक्यतो जुन्या डेस्कटॉप संगणकातला पूर्ण आकाराचा डीव्हीडी रायटर मिळवा आणि वेगळा वीजपुरवठा असलेल्या बाहेरच्या केसमध्ये बसवा. असे ड्राइव्ह सध्या संगणकाच्या भंगारात निघतात. कदाचित तुमच्याच कार्यालयाच्या माळ्यावर एखादा संगणक निर्लेखनाची वाट पाहत असेल. तो देण्याआधी ड्राइव्ह काढून घ्या.

आता सीडी हातात घेण्याबद्दल. चमकणाऱ्या बाजूला आपण जपतो आणि छापील बाजू टेबलावर घासतो. हे अगदी उलट आहे. चमकणाऱ्या बाजूला मिलिमीटरभराहून अधिक जाड पॉलिकार्बोनेटचे कवच आहे. छापील बाजूला परावर्तक थरावर फक्त लॅकरचा पापुद्रा आहे. तिथे बॉलपेनाने नाव लिहिले, स्टेपलरची पिन ओढली किंवा नखाने खरवडले तर थर फाटतो, आणि तो परत बसवायचा कोणताही उपाय नाही. सीडी उजेडासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढी भोके दिसली तर तिला रांगेत पहिला नंबर द्या. कागदी गोल लेबल चिकटवलेले असेल आणि त्याच्या कडा उचलल्या असतील तर ते सोलून काढू नका. गोंदाबरोबर खालचा थरही निघतो. कड हलकेच दाबून बसवा, कमी वेगाने वाचा आणि त्याच दिवशी नक्कल उरका. अर्धवट उचललेले लेबल चकतीचा तोल बिघडवते. ड्राइव्ह थरथरतो आणि वाचनातल्या चुका वाढतात.

स्वच्छतेसाठी आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा. बोटांचे ठसे किंवा बुरशीचा पुसट थर असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य शाम्पूचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि पुसायचे मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल अजिबात नाही. सीडीवरचा आवाज गोलाकार मार्गात लिहिलेला आहे. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत क्षणभरच आडवा येतो आणि सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतची तूट सीडीतली दुरुस्ती-व्यवस्था पूर्ण भरून काढते. मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मजकूर खातो आणि तिथे ती व्यवस्था हात टेकते. तेलकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल, पण फक्त चमकणाऱ्या बाजूला. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांची बाटली त्या खोलीतही नको. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वाळवायचे ते सावलीत. राइट केलेली सीडी उन्हात ठेवणे म्हणजे तिच्यावरचा रंग स्वतःच्या हाताने उडवणे. बुरशीला हसण्यावारी नेऊ नका. 2001 साली बेलीझमधून स्पेनमध्ये आलेल्या एका सीडीवर चक्क थर खाणारी बुरशी सापडली होती, आणि कोकणातल्या आषाढाचा दमटपणा काही बेलीझपेक्षा फार मागे नाही.

यानंतर जो भाग येतो तिथे सर्वात जास्त नुकसान होते, तेही कुणाच्या लक्षात न येता. मंडळाचा एखादा उत्साही सभासद सीडी घालतो, मीडिया प्लेअरमध्ये ‘रिप’ दाबतो, पाच मिनिटांत एमपीथ्री तयार. काम झाले म्हणून सीडी डब्यात. यात दोन चुका आहेत. एमपीथ्री ही एक, फाइल लहान करण्यासाठी तीत आवाजाचा काही भाग कायमचा टाकला जातो. तानपुऱ्याचे नाद आणि टाळ्यांचा कडकडाट या दोन्ही ठिकाणी ती हमखास पकडली जाते. मोठी चूक दुसरी आहे. संगणकाच्या फाइल ठेवलेल्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक तुकड्यात, 2352 बाइटपैकी 2048 बाइट मजकुराचे असतात. उरलेल्यातले बहुतेक चूक ओळखणे व दुरुस्त करणे यासाठी राखलेले असतात. त्यामुळे फाइल एक तर बरोबर उतरते किंवा संगणक तक्रार करतो. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे 2352 बाइट आवाजाला दिलेले आहेत. तो जादा पहारेकरी तिथे नाही. दुरुस्ती अशक्य झाली की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो किंवा तिथे शांतता ठेवतो, आणि ‘यशस्वी’ असा संदेश येतो. फाइल उघडते, वाजते. खटका कुठे आहे ते दहा वर्षांनी कुणीतरी हेडफोन लावून ऐकेल तेव्हा कळते. तोवर मूळ सीडी गेलेली असते.

यासाठी पडताळून वाचणारे सॉफ्टवेअरच वापरायला हवे. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर किंवा सीडीपॅरानोइया. पैसे लागत नाहीत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये ड्राइव्हची तपासणी एकदा करून घ्या, ‘सिक्युअर’ पद्धत निवडा आणि ड्राइव्ह आवाज कॅशमध्ये (स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत) साठवतो असे तपासणीत आले तर ती खूण चालू ठेवा. नाहीतर दुसऱ्यांदा वाचल्याचा नुसता देखावा होतो, मजकूर कॅशमधूनच परत येतो. छापील सीडी असेल तर अ‍ॅक्युरेटरिप चालू करा. जगात इतरांनी काढलेल्या त्याच सीडीच्या नकलेशी तुमची नक्कल जुळते का, ते कळते. मंडळाच्या स्वतःच्या सीडीला अशी तुलना मिळणे शक्य नाही. तिथे ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा: सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचे सीआरसी आकडे (मजकुरावरून काढलेले तपासणीचे आकडे) जुळले तरच नक्कल ग्राह्य धरायची. आकडे जुळले नाहीत तर वेग चारपटीपर्यंत (4x) खाली आणा, ड्राइव्ह थंड होऊ द्या, सीडी पुन्हा पुसा, मग दुसरा ड्राइव्ह. तरीही एखादी जागा सुटली नाही तर सॉफ्टवेअरचा लॉग नकलेसोबत ठेवा. संशयास्पद जागा मिनिट-सेकंदासह त्यात असतात. दोष नोंदवलेली अपुरी नक्कल कामाची असते. दोषाची नोंद नसलेली नक्कल अभ्यासकाची फसवणूक करते.

ट्रॅक सुटे काढू नका. मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये कुठेतरी ट्रॅकची खूण टाकलेली असते. सुट्या फाइल काही प्लेअरवर तिथे अडखळतात. पूर्ण चकतीची एक सलग प्रतिमा आणि तिच्यासोबत क्यू शीट (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी छोटी फाइल), अशी नक्कल घ्या. राइट करताना ‘ट्रॅक ॲट वन्स’ (एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याची पद्धत) वापरले असेल तर दर ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची पोकळी मूळ सीडीतच आहे. ती जतनाच्या प्रतीत तशीच राहू द्या, ऐकण्याच्या प्रतीत हवी तर सांधा. हाच नियम आवाज वाढवणे, खरखर काढणे, निवेदन कापणे यांनाही. निवेदनाला तर हातही लावू नका. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे सांगणारा तो बहुतेक वेळा एकमेव पुरावा असतो. आणि सीडीचा 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा आवाज 24 बिट, 96 किलोहर्ट्झला ‘चढवून’ देतो म्हणणाऱ्या कोटेशनवर सही करू नका. फाइल फुगते, आत नवे काही येत नाही. (त्याच मैफलीची मूळ डॅट (डिजिटल ध्वनिफीत) किंवा कॅसेट सापडली तर गोष्ट वेगळी, मग नक्कल तिच्यावरूनच व्हायला हवी.)

फाइल फ्लॅक स्वरूपात ठेवा. एक सेकंद आवाजाला 1,76,400 बाइट लागतात, म्हणजे 74 मिनिटांच्या सीडीला सुमारे 783 एमबी. फ्लॅकमध्ये ती एक बिटही न गमावता साधारण 400 ते 500 एमबीत बसते. पाचशे सीडींचा संग्रह 250 जीबीच्या आत मावतो. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या की झाले: एक कार्यालयात, एक दुसऱ्या इमारतीत, आणि शक्य असेल तर तिसरी प्रत क्लाउडवर. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवून ‘दोन प्रती आहेत’ म्हणू नका. आग आणि पाणी कपाट बघून येतात. दर वर्षी डिस्क जोडून फ्लॅकची अंतर्गत तपासणी चालवा, कारण प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी5 ठसा असतो आणि बिघाड झाला असेल तर तो बोलतो. वेळेचे म्हणाल तर दोनदा वाचून एका सीडीला पंधरा ते पंचवीस मिनिटे लागतात, त्यात माणसाचे काम चार-पाच मिनिटांचे. दोन ड्राइव्हवर तीन तासांच्या दुपारी बारा-पंधरा सीडी होतात. पाचशेला पस्तीस-चाळीस दुपारी.

एका गोष्टीसाठी खास थांबतो. संगणकात घातल्यावर ‘रिकामी’ दिसणारी सीडी फेकू नका. स्वतंत्र सीडी रेकॉर्डरवर मैफल मुद्रित झाली, गर्दीत ‘फायनलाइझ’ (मुद्रण संपल्यावर चकती रीतसर बंद) करायचे राहून गेले, अशी सीडी साध्या ड्राइव्हला कोरी वाटते. ती तिरपी धरून चमकणारी बाजू पाहा. मधल्या भोकाकडून बाहेर रंगाची थोडी वेगळी छटा आणि एक स्पष्ट गोल सीमारेषा दिसली तर तिथवर आवाज लिहिलेला आहे. जमल्यास त्याच रेकॉर्डरवर, नाहीतर त्याच कंपनीच्या दुसऱ्या रेकॉर्डरवर घालून फायनलाइझ करा. रंग फार उडालेला असेल तर ती लिखाणाची झटापटही धोक्याची. आधी आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने, न लिहिता, उघडे राहिलेले सत्र वाचून पाहा. सगळे ड्राइव्ह ते करू देत नाहीत, काही देतात.

नोंदींकडे येऊ. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून नावे आपोआप भरायला जाते. ही ओळख मुख्यतः ट्रॅकच्या लांबीवरून पटवली जाते, त्यामुळे एक-दोन ट्रॅकच्या मैफलीच्या सीडीला कुठल्या तरी परदेशी अल्बमचे नाव चिकटते आणि तेच पुढे यादीत जाते. मंडळाच्या सीडींसाठी ही सोय बंद ठेवा. फाइलचे नाव फक्त दाखल क्रमांक आणि भाग, जसे 0147-1. तो क्रमांक नोंदवहीशी जुळला की दुवा पक्का. राग, ताल, बंदिशीचा मुखडा, रचनाकार, मुख्य कलावंत, तबला, पेटी, तानपुरा, तारीख, ठिकाण आणि ध्वनिमुद्रण कोणी केले, ही माहिती देवनागरीत फाइलच्या टॅगमध्ये आणि एका साध्या तक्त्यात, दोन्हीकडे. राग ओळखता आला नाही तर अंदाज लिहू नका, रकाना मोकळा सोडा आणि ज्येष्ठ सभासदांना ऐकवा. हे ऐकवण्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही, कारण सीडीपेक्षा ते सभासद आधी जातील. वेष्टनाचे, आतल्या पुस्तिकेचे आणि चकतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अंक असतात, तेही लिहून घ्या. एखादा गठ्ठा खराब निघू लागला तर त्याच अंकांच्या बाकीच्या सीडी कोणत्या, हे त्यावरून शोधता येते.

पुन्हा ‘मोबाइलवर मिळते’ या मुद्द्याकडे वळतो. आवाजाच्या दर्जाचा वाद आम्ही घालत नाही. अनेक सेवा आता सीडीइतका किंवा त्याहून सरस आवाज देतात. पण तिथे अल्बम परवान्यावर राहतो आणि परवाना संपला की न सांगता नाहीसा होतो. साथीदारांची नावे बहुधा नसतात, रागाचे स्पेलिंग तीन तऱ्हांनी असते, पुस्तिकेतला मजकूर नसतो. तुमच्या संग्रहातली छापील सीडी तिथे आहे की नाही हे दर शीर्षकामागे शोधून यादीत शेरा लिहा. ‘मिळते’ असा शेरा पडलेल्या सीडी शेवटी हाताळा. नक्कल न करता निर्लेखित करायच्याच असतील तर त्या या शेऱ्याच्या, बाकीच्या नाहीत.

कायद्याचा विचार टाळून चालणार नाही. प्रताधिकार अधिनियम 1957 मध्ये 2012 च्या दुरुस्तीने कलम 52(1)(एन) आले. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा त्यात आहे, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत आधीपासून असली पाहिजे. सीडी ही स्वतःच डिजिटल प्रत आहे. कॅसेट आणि एलपीला मिळणारे संरक्षण सीडीला त्याच शब्दांत मिळते असे म्हणता येत नाही, आणि नेमकी सीडीच आज सर्वाधिक घाईची आहे. ग्रंथालय संघटनांनी हा मुद्दा शासनाकडे लेखी मांडावा, ही या पत्रातली वेगळी विनंती समजा. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर 60 वर्षे आणि कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क 50 वर्षे राहतो. म्हणून मंडळाच्या मैफलींसाठी कलावंत किंवा त्यांच्या वारसांकडून साधे संमतिपत्र घ्या: जतनासाठी नक्कल आणि संस्थेच्या जागेतच ऐकण्याची सोय, एवढेच मागा. यूट्यूबवर टाकण्याची परवानगी त्याच कागदात घुसवू नका. तेवढ्या एका ओळीसाठी लोक पूर्ण कागदावर सही करायला कचरतात. अंतिम मसुदा वकिलाला दाखवा.

नक्कल झाल्यावरही सीडी ठेवायच्या. प्लास्टिकच्या कडक डबीत, उभ्या, उजेडापासून दूर. मऊ पीव्हीसीचे पाकीट नको, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ चकतीला चिकटतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद नको, कारण त्यांतल्या गंधकाने राइट केलेल्या अनेक सीडींतला चांदीचा परावर्तक थर काळवंडतो. तापमान 23 अंशांच्या खाली आणि आर्द्रता 20 ते 50 टक्के हे जतनाचे प्रमाण आपल्या बहुतेक संस्थांना वातानुकूलनाशिवाय गाठता येणार नाही, हे आम्हाला दिसते. निदान बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून असलेले कपाट हलवा, जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पंधरवड्याला गरम करून कोरड्या करा.

कार्यकारिणीकडून आमच्या तीन मागण्या आहेत. नक्कल व पडताळणीचा शेरा असल्याशिवाय कोणतीही राइट केलेली सीडी निर्लेखनासाठी घेऊ नये, असा ठराव करावा. दोन ड्राइव्ह व दोन हार्ड डिस्क यांचा खर्च चालू आर्थिक वर्षातच मंजूर करावा. आणि जुना सीडी रेकॉर्डर, मिनिडिस्क किंवा डॅट यंत्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ म्हणून पडले असेल तर फायनलाइझ न झालेल्या सगळ्या सीडी तपासून होईपर्यंत ते भंगारवाल्याला देऊ नये.

आपले,
ध्वनिमुद्रणांच्या नकला व जतनाचे काम करणारे काही जण